वैरागडे मॅडमचं कारण

वैरागडे मॅडमपुढं कुणी नुसतं "आज लय गरम होऊन राह्यलं" म्हटलं तरी तो फसायचा. मॅडम चष्म्याच्या वरून बघणार आणि म्हणणार, "हे झालं विधान. कारण?" आता बोरगाव मेघेत मे महिन्यात गरम होण्याला माणसानं काय कारण द्यायचं? पण द्यावं लागायचं. मी एकदा चिडून म्हटलं, "सूर्य डोक्यावर हाय मॅडम, अन् तुम्हीबी." तेव्हा त्या हसल्या. त्यांना हसवणं सोपं नव्हतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

आमच्या शाळेत त्या भूमिती शिकवत आणि मी मराठी. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, आणि घर आमच्यापासून तिसरं. त्यामुळे शाळेत काय आणि गल्लीत काय, मला त्यांच्यापासून सुटका नव्हती. प्रमेयाची सिद्धता लिहिताना पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे विधान, उजवीकडे कारण, हे मराठी शाळेत शिकलेल्याला सांगायला नको. बाकीच्यांची ती रेघ दहावीच्या पेपराबरोबर सुटते. मॅडमनी ती घरी नेली, बाजारात नेली, लग्नाकार्यात नेली. उत्तर बरोबर आणि कारण नाही, तर त्या अर्धेच मार्क द्यायच्या. पोरं रडायची, पालक भांडायला यायचे, आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, "तुमचा मुलगा अंदाजे बरोबर हाय."

एकदा मुख्याध्यापकांनी सूचनावहीत लिहिलं, उद्यापासून सर्व शिक्षकांनी दहा मिनिटं आधी यावं. आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं सह्या ठोकल्या. मॅडमनी सही केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "कारण?" मुख्याध्यापक तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वही परत फिरली. खाली दोन ओळीत कारण लिहिलेलं होतं, आणि तेही पटण्यासारखं. तेव्हापासून मॅडम सगळ्यांच्या आधी यायला लागल्या.

मुहूर्त हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. घरात राहायला गेल्या त्या अमावास्येला. फ्रिज घेतला पितृपक्षात. "तवा दुकानात चिटपाखरू नसते," त्या म्हणायच्या, "माणूस नीट दाखवते, घाई करत नाई." त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. त्याला समुद्रपूरकडं एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याच्यासाठी मोटरसायकल घ्यायची ठरली, तीही नेमकी पितृपक्षात. मॅडमचे मिस्टर तेव्हा नुकतेच गेले होते. मी म्हटलं, "मॅडम, पंधरा दिवसांनी घ्या ना, काय बिघडते?" त्यांनी लगेच चष्म्यावरून पाहिलं. "विधान झालं. कारण?" माझ्याकडं कारण नव्हतं. मी निखिलच्या नोकरीचा पेढा तोंडात टाकला.

दिवाळी झाल्यावर, भर दुपारी, जाम गावच्या चौकाअलीकडं एका ट्रकनं वळण घेतलं आणि निखिल गाडीसकट खाली सापडला. जीव वाचला. मानेचं हाड मोडलं आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. पोरगा तेवीस वर्षांचा होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी सोडताना बरंच समजावून सांगितलं, कूस कशी बदलायची, नळी कशी ठेवायची. शेवटी म्हणाले, "याला आता घाम येणार नाही. शरीर आपलं आपण गार होणार नाही. खोली गार ठेवावी लागेल, नाहीतर ताप डोक्यात जाईल." मी सोबत होते. मला त्यातलं विशेष काही समजलं नाही, मी नळीचाच विचार करत होते. मॅडमना मात्र तिथल्या तिथं समजलं. वर्ध्याचा उन्हाळा आणि घाम न येणारा मुलगा. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे समोरच्या खोलीच्या खिडकीत एसी बसवला. आमच्या गल्लीतला तो पहिला एसी. काही जणींनी नाकं मुरडली, आणि मी त्या नाकांची नावं अजून विसरलेली नाही.

त्या खोलीत निखिलचे अकरा उन्हाळे गेले. एसीला तो "आजोबा" म्हणायचा. तोंड शाबूत होतं आणि डोकं तर आईचंच होतं. फोन स्टँडवर लावलेला असायचा आणि हा नुसत्या बोलण्यानं तो चालवायचा. गल्लीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म त्यानंच भरून दिले, आणि वर सगळ्यांची खेचायचा. मला म्हणायचा, "शालू मावशी, तुझं आधारवरचं वय अन् तोंडावरचं वय जुळून नाई राह्यलं. कोणतं टाकू?" मी म्हणायचे, "मेल्या, तुझ्या आईनं कमी छळलं काय मले, आता तू बी." मग त्याच्या खोलीत अर्धा तास बसायचे. खरं सांगायचं तर थोडी गार हवा खायलाही बसायचे.

मॅडमनी निवृत्ती घेतली आणि त्यांचा सगळा दिवस त्या खोलीभोवती फिरू लागला. दर दोन तासांनी थर्मामीटर. खिडकीला जाड पडदा, दाराला ओलं कापड. फाटकाशी उभ्या राहून माझ्याशी बोलतायत आणि मधेच बोट वर करणार, गप्प. आत एसीचा कॉम्प्रेसर थांबलेला असायचा. त्या मनात आकडे मोजायच्या. तो परत घरघरला की पुढचं वाक्य सुरू. मी एकदा म्हटलं, "मॅडम, इतकं काय ऐकता त्याचं?" तर म्हणाल्या, "शालू, तो चुकला तं मले आधी कळलं पाह्यजे. निखिलले कळाच्या आधी."

एसी दुरुस्त करायला गजू यायचा. गजूचं गावात छोटं दुकान, हात कायम काळे आणि जीभ गोड. अकरा वर्षांत त्यानं आजोबाचा कपॅसिटर बदलला, पंख्याची मोटर बदलली, दोनदा गॅस भरला. प्रत्येक वेळी मॅडम विचारायच्या, "बदलवू का आता?" आणि प्रत्येक वेळी गजू पान्हा पुसत म्हणायचा, "काऊन बदलवता मॅडम? जुन्या मशीनीत दम असते. आजकालचे तं नुसते पातरे." मॅडमना हे पटायचं. आतली तांब्याची नळी किती जाड आहे हे गजूनं त्यांना दाखवलं होतं, म्हणजे कारण मिळालं होतं. आणि दर वेळी अर्ध्या तासात आजोबा पुन्हा घरघरायला लागायचा, तेव्हा कुणाचं काय म्हणणं असणार?

त्या वर्षी अक्षय तृतीया होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. एसीच्या जाळीवर बर्फ धरायला लागला. गजू आला, त्यानं मशीन उघडलं. बराच वेळ आत बॅटरी मारून पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी झूठ नाई बोलत तुमच्याशी. कॉइल सडली. गॅस भरून देतो, पण किती दिवस टिकन सांगता नाई येत. कॉम्प्रेसर बी गरम मारून राह्यला. नवीन घ्या."

"तूच तं म्हणत होता, दम हाय."

"होता, मॅडम," गजू म्हणाला.

त्याच संध्याकाळी मॅडमनी निखिलच्या पलंगाशेजारी बसून वही काढली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. मला बोलावून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून असावं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. पक्ष: एसी अकरा वर्षांचा आहे. साध्य: तो बदलावा. विधान, या वर्षात तो तीनदा उघडला. कारण, दिलेले आहे. विधान, दुरुस्त केला तरी कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. कारण, गजूचे म्हणणे. विधान, एसी बंद पडल्यास दोन तासांच्या वर थांबता येणार नाही. इथं त्या अडखळल्या. उजवीकडची जागा कोरी होती.

"कारण मी," निखिल पलंगावरून म्हणाला. "लिही ना आई. कारण, निखिल."

त्यांनी ते लिहिलं नाही. नुसतंच पुढं वाचलं, "म्हणून एसी बदलावा. हेच सिद्ध करायचे होते."

"आजोबाचा निरोप समारंभ ठेवा," निखिल म्हणाला. "मावशी भाषण करन."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कुटीवर आम्ही दोघी दुकानात गेलो. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन होती. दुकानदार ओळखीचा, मॅडमचाच विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, खिडकीचा या साइजचा पीस आता कमी चालते. नागपूरवरून मागवतो, सहा-सात दिवस लागन." मॅडमनी होकार दिला. आम्ही उठलो. आणि त्या भल्या माणसानं, अगदी आपुलकीनं बरं का, मागून विचारलं, "मॅडम, तवा धोंडा लागलेला राहीन. तसाच पाठवू ना घरी?"

धोंडा म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी येतो. त्या वर्षी नेमका जेठात, म्हणजे ज्येष्ठात, आला होता. धोंड्यात लग्नं नाहीत, वास्तू नाही, लोक घरात नवीन मोठी वस्तूही आणत नाहीत. जावयाला जेवायला बोलावतात आणि अनारसे खाऊ घालतात, एवढंच काय ते. तो महिना संपला की मग खरा जेठ सुरू होतो, त्याला निज म्हणायचं. हा प्रश्न त्यानं विचारला कुणाला, तर वैरागडे मॅडमना! मला हसूच फुटणार होतं. आता बिचाऱ्याची शाळा भरणार म्हणून मी मॅडमच्या तोंडाकडं पाहिलं.

मॅडमनी काउंटरची काच धरली होती. "निजात पाठवा," त्या म्हणाल्या. "निजाच्या पहिल्या दिवशी." दुकानदारानं तसं लिहून घेतलं.

बाहेर येताच माझं डोकं फिरलं. भर रस्त्यावर मी म्हटलं, "मॅडम, हे काय? एक महिना? या उन्हात? विधान झालं, आता कारण द्या!" त्यांच्यावर त्यांचंच हत्यार मी तेवढ्या एकाच वेळी उगारलं असेल. त्या स्कुटीवर मागं बसल्या, पदर सावरला, आणि माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "गाडी."

"कोणती गाडी?"

"निखिलची. पितृपक्षात घेतली होती. तू नको म्हणत होती."

मी किल्ली फिरवायची विसरले. अकरा वर्षांत या बाईनं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. मुहूर्तवाल्यांची टिंगल करत राहिल्या, पंचांगाला नावं ठेवत राहिल्या, आणि आत हे घेऊन फिरत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, ट्रकवाल्यानं वळण घेतलं. त्याले अन् पितृपक्षाले काय संबंध?"

"काईच नाई," त्या म्हणाल्या. "तुले पाह्यजे तं सिद्ध करून देईन. माझ्या खोलीत लावाचा असता तं मी आजच नेला असता, अमावास्या असती तरी. पण हा त्याच्या उशाशी लागते, शालू. एकदा मी हुशारी केली. आता नाई."

मला भांडायला हवं होतं. मी तोंडाची फाटकी म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी नुसती किल्ली फिरवली. घरी गेल्यावर निखिल आधी हसला, "आई, तू बी?" मग त्यानं आईचा चेहरा पाहिला आणि लगेच बोलणं वळवून घेतलं. म्हणाला, "काढते ना आजोबा एक महिना. एवढा काई म्हातारा नाई झाला." गाडीचं त्यालाही कळलं होतं, मला वाटतं, आणि माझ्या आधीपासून माहीत असेल. गजूनं गॅस भरून दिला. त्यालाही सांगितलं, महिनाभर काढायचा आहे. त्यानं मान हलवली, पण दम हा शब्द काही काढला नाही.

मग नवतपा लागला. रोहिणीतले ते नऊ दिवस आमच्याकडं कसे जातात ते आमचं आम्हाला माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, नळाच्या पाण्यानं हात भाजतो. नवतप्याच्या सहाव्या दिवशी बारा वाजता माझं फाटक वाजलं. मॅडम उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती. त्या डांबरावरून तशाच चालत आल्या होत्या. "आजोबा बंद पडला," त्या म्हणाल्या.

गजूला फोन लावला. तो वडनेरला होता, सासुरवाडीत. धोंड्याचं जेवण होतं, जावई पाटावर बसला होता. "निघालोच मॅडम," तो म्हणाला, "दीड-दोन तासात पोचतो." आम्ही माझ्या घरचा कूलर ओढत नेला. त्यातून गरम वाफ यायला लागली. कोपऱ्यावरून बर्फ आणला, चादरी भिजवल्या, निखिलच्या कपाळावर, काखेत, मांड्यांवर ठेवल्या. निखिल म्हणाला, "गजूभाऊले जेवू तं द्याचं होतं मावशी. अनारसे सोडून येऊन राह्यला तो." त्याचं कपाळ कोरडं होतं. आम्ही दोघी घामानं निथळत होतो आणि त्याचं कपाळ कोरडं.

एक वाजता ताप एकशे दोन होता. मी म्हटलं, "मॅडम, दवाखान्यात नेऊ." त्या म्हणाल्या, "गजू येऊन राह्यला ना." अकरा वर्षं गजू आला की अर्ध्या तासात खोली गार होत होती. माझाही त्याच्यावर भरवसा होता. मी पुन्हा म्हटलं नाही. एकदाच म्हटलं, हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. नवीन पीस केव्हाच नागपूरहून येऊन दुकानाच्या गोदामात पडला होता, स्कुटीनं दहा मिनिटांवर. दुकानात फोन करावा हे आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही. आमच्या डोक्यात तो निजात यायचा होता.

गजू सव्वादोनला आला. कपाळावर जावयाचं कुंकू तसंच होतं. त्यानं मशीन उघडलं, हात लावला आणि झटकला. "कॉम्प्रेसर बसला," तो म्हणाला. तोवर निखिलचे शब्द एकमेकांत गुंतायला लागले होते. तो आईला काहीतरी सांगत होता आणि आईला ते समजत नव्हतं. मग ॲम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात तो चार दिवस होता. ताप उतरला, पण पोरगा शुद्धीवर आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी गेला. मॅडम रडल्या नाहीत. कागदांवर सह्या केल्या, नर्सचे आभार मानले, गजू कोपऱ्यात उभा राहून रडत होता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दाखल्यावर कारणाचा रकाना डॉक्टरांनी भरलेला होता. मॅडमनी तो न वाचता दाखला घडी घालून पर्समध्ये ठेवला. तेरा दिवस त्या तशाच होत्या. आल्यागेल्याला चहा विचारायच्या. कुणी म्हटलं, "त्याचं तेवढंच आयुष्य होतं," तर मी श्वास धरून त्यांच्याकडं बघायचे. त्या "हो" म्हणायच्या.

पुढं आठवड्याभरात त्यांची बहीण त्यांना अमरावतीला घेऊन गेली आणि घराला कुलूप लागलं. पण त्याआधी निज लागला. पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजता गल्लीत छोटा टेम्पो शिरला, त्यात खोकं. दुकानदारानं लिहून घेतलं होतं तसं त्याच्या माणसांनी केलं. त्यांना बाकी काहीच माहीत नव्हतं. मी आमच्या ओट्यावरून पाहिलं आणि धावत सुटले. "परत न्या, परत न्या," म्हणून मी त्या दोघांवर ओरडत होते, तेवढ्यात आतून मॅडम म्हणाल्या, "येऊ दे, शालू. लावू दे."

मी आत गेले. पलंग कुणा गरजूला देऊन टाकला होता. खोली मोकळी होती, भिंतीला पलंगाच्या उंचीवर घासल्याची एक काळी रेघ राहिली होती. त्या दोघांनी आजोबाला खिडकीतून काढलं, खाली ठेवलं, नवा चढवला, स्क्रू मारले. मॅडम दाराला टेकून एकटक बघत होत्या. त्यातला मोठा फिटर, चाळिशीचा असेल, चांगला मन लावून काम करणारा, म्हणाला, "मॅडम, पेशंट हाय म्हने घरात. बेड कुठी राह्यते? हवा सरळ अंगावर नाई पाह्यजे." मॅडमनी बोटानं जागा दाखवली. त्यानं त्या मोकळ्या जागेकडं पाहून पात्या फिरवल्या, बटण दाबलं. आवाज जवळजवळ नव्हताच. खोली गार व्हायला लागली. त्यानं हात पुसले, "झालं मॅडम."

"किती वेळ लागला?" मॅडमनी विचारलं.

त्यानं फोन काढून पाहिलं. त्याला वाटलं असेल, बाई चौकस आहेत. जरा खुशीतच म्हणाला, "पाऊण तास. खिडकी तयारच होती ना."

"पाऊण तास," मॅडम म्हणाल्या.

मग त्या पलंगाच्या जागी जमिनीवर बसल्या आणि मोठ्यानं ओरडून रडल्या. दवाखान्यापासून अडवून ठेवलेलं सगळं एकदम आलं. गल्लीतली माणसं दारात जमा झाली. मी त्यांना धरून बसले होते, माझ्या हातात त्या मावत नव्हत्या. ते दोघे फिटर भिंतीला चिकटून उभे होते. मोठ्याच्या हातात अजून पेचकस होता. त्यानं एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "आमचं काई चुकलं का?"